गर्भजलाचा नमुना: तालुक्याच्या गावातून गुणसूत्रांच्या रिपोर्टापर्यंत

मे महिन्यातली दुपार होती. चंद्रपूरकडच्या एका गावातून एक माणूस एसटीने नागपुरात, आमच्या लॅबमध्ये आला. हातात स्टीलचा डबा, डब्याला गुंडाळलेला ओला दुपट्टा. झाकण उघडलं तर आत बर्फ, आणि बर्फात रुतवलेल्या गर्भजलाच्या दोन नळ्या. "थंड ठेवजा म्हनलं होतं जी, म्हून सारा रस्ता बर्फातच ठेवलं," तो म्हणाला. वरोऱ्याच्या स्टँडवर बर्फ संपला म्हणून त्याने कुल्फीवाल्याकडून मागून घेतला होता. कुल्फीवाल्याच्या बर्फात मीठ असतं, आणि मिठाचा बर्फ शून्याच्या बराच खाली जातो. नळ्यांतलं पाणी दगडासारखं गोठलं होतं.

त्याची चूक काहीच नव्हती. 'थंड' म्हणजे किती थंड, हे त्याला पाठवणाऱ्यांनी सांगितलंच नव्हतं. पेशी मेल्या, कल्चर (लॅबमध्ये पेशी वाढवणं) उगवलं नाही आणि त्याच्या बायकोच्या पोटात दुसऱ्यांदा सुई गेली. पण त्याच गोठलेल्या पाण्यातून डीएनए मात्र चांगला निघाला आणि एका झटपट तपासणीचं उत्तर तिसऱ्या दिवशी हातात आलं. एकाच नळीतून एक तपासणी जमली, दुसरी नाही. असं का झालं, ते पुढे येईलच.

मी गुणसूत्रांच्या लॅबमध्ये मायक्रोस्कोपसमोर बसणारी बाई. माहेर वणीकडचं, त्यामुळे नमुना कुठल्या रस्त्याने येतो ते डोळ्यांपुढे असतं. तालुक्याला नमुना घेणारे डॉक्टर, नर्सताई, शिकत असलेले टेक्निशियन आणि घरात रिपोर्ट वाचू शकणारं जे कोणी असेल, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

पहिली पायरी: आठवडे मोजा

तपासणी कोणती, हा प्रश्न नंतरचा. आधी आज कितवा आठवडा आहे ते पक्कं करा. आपल्याकडे बायकांना पाळीची तारीख आठवत नाही, सण आठवतो. "पोळ्याच्या दिवशी आली होती" हे उत्तर मला तारखेइतकंच चालतं, कारण पोळा दिनदर्शिकेत सापडतो. २०२४ चा पोळा २ सप्टेंबरला होता. तिथून मोजलं तर ११ आठवडे १८ नोव्हेंबरला भरतात. १३ आठवडे ६ दिवस ८ डिसेंबरला, १६ आठवडे २३ डिसेंबरला, २० आठवडे २० जानेवारीला आणि २४ आठवडे १७ फेब्रुवारीला. या पाच तारखा कागदावर लिहून कार्डाला टाचून ठेवा. "कापूस वेचणी सुरू होती तवा" असं उत्तर आलं तर मात्र अंदाज बांधत बसू नका. वेचणी दोन-तीन महिने चालते. पहिल्या तिमाहीत सोनोग्राफीने बाळाची डोक्यापासून कुल्ल्यापर्यंतची लांबी मोजली की वय काही दिवसांच्या फरकाने कळतं.

या पाच तारखांचा अर्थ असा. ११ ते १३ आठवडे ६ दिवस या काळात एनटी सोनोग्राफी (बाळाच्या मानेमागचं पाणी मोजणारी) आणि डबल मार्कर (आईच्या रक्ताची तपासणी) होतो, त्याच सुमारास वारेचा नमुनाही घेता येतो. गर्भजल १५ आठवडे पूर्ण झाल्यावर, साधारण १६ ते २० मध्ये काढतात. कल्चरच्या रिपोर्टाला दोन ते तीन आठवडे लागतात. म्हणजे १९ व्या आठवड्यात आलेल्या बाईचा रिपोर्ट २२ व्या आठवड्यात येणार. गर्भपाताचा कायदा २० आणि २४ आठवड्यांना वळणं घेतो, म्हणून हा हिशेब सुई लावण्याआधी करायचा असतो.

चाळणी वेगळी, निदान वेगळं

सगळ्यात जास्त रडारड या एका गोंधळातून होते. डबल मार्करचा रिपोर्ट लाल अक्षरात 'हाय रिस्क' म्हणतो, १ : १८० असं काहीतरी लिहिलेलं असतं, आणि घरात सुतक पडल्यासारखं होतं. त्या आकड्याचा अर्थ एवढाच की अशा १८० बायका रांगेत उभ्या केल्या तर त्यांतल्या एकीच्या बाळाला डाऊन सिंड्रोम, म्हणजे २१ वं गुणसूत्र एक जास्त असण्याचा दोष, असेल आणि १७९ जणींच्या बाळांना नसेल. ही चाळणी आहे. ज्वारी चाळताना चाळणीवर खडे राहतात, सोबत चार चांगले मोठे दाणेही राहतात. चाळणीवर राहिलं म्हणून फेकून देत नाही आपण, हातात घेऊन बघतो.

डबल मार्करमध्ये आईच्या रक्तातले फ्री बीटा-एचसीजी आणि पॅप-ए हे दोन घटक मोजतात. त्याला एनटीची, म्हणजे बाळाच्या मानेमागच्या पाण्याच्या जाडीची जोड दिली तर डाऊनची ८५ ते ९० टक्के बाळं पकडली जातात, पण त्यासाठी निरोगी बाळांच्या सुमारे ५ टक्के आयांनाही उगाच घाबरवावं लागतं. उशिरा आलेल्यांसाठी क्वाड्रपल मार्कर आहे, तो जरा कमी पकडतो. दोन्हींच्या गणितात आईचं वय, वजन आणि आठवडे जातात. आठवडे चुकले की उत्तर चुकलं. 'हाय रिस्क' आलेल्या बाईचा फॉर्म मी आधी त्यासाठीच पाहते.

एनआयपीटीची, म्हणजे आईच्या रक्तातून बाळाच्या गुणसूत्रांचा अंदाज घेणाऱ्या चाळणीची, सध्या मोठी हवा आहे. आईच्या रक्तात बाळाकडचे डीएनएचे तुकडे फिरत असतात हे १९९७ मध्ये संशोधक डेनिस लो यांनी दाखवलं, आणि २०११ पासून त्यावरची तपासणी बाजारात आली. दहाव्या आठवड्यानंतर आईच्या हातातून १० मिली रक्त, पोटात सुई नाही. २१ व्या गुणसूत्रासाठी ती ९९ टक्क्यांच्या आसपास पकडते. म्हणून 'पॉझिटिव्ह म्हणजे ९९ टक्के खरं' असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. हिशेब करा. २५ वर्षांच्या १०,००० बायका घेतल्या तर त्यांच्यात डाऊनची बाळं साधारण ८. ती आठही सापडली असं धरू. निरोगी बाळांपैकी हजारात एक जरी खोटी पॉझिटिव्ह आली तरी त्या झाल्या १०. एकूण १८ पॉझिटिव्ह, त्यातल्या खऱ्या ८. निम्म्याहून कमी! तोच हिशेब चाळिशीच्या १०,००० बायकांचा केला तर डाऊनच्या १०० बाळांपैकी ९९ सापडतात आणि खोट्या त्याच १०, म्हणजे दहातल्या नऊ खऱ्या. यंत्र तेच, रक्त तेवढंच, फरक वयाचा.

खोटं का येतं यालाही कारण आहे. 'बाळाचा डीएनए' म्हणतो तो खरं तर वारेच्या पेशींचा असतो. कधी कधी दोष फक्त वारेत असतो आणि बाळ स्वच्छ असतं. जुळ्यातलं एक सुरुवातीलाच विरून गेलं असेल तरी गडबड होते. आणि रक्तात बाळाकडचा वाटा ४ टक्क्यांच्या खाली असेल, जे वजनदार आईत किंवा फार लवकर घेतलेल्या रक्तात होतं, तर उत्तरच येत नाही. म्हणून एनआयपीटी पॉझिटिव्ह आली तर पुढची पायरी गर्भजल. नुसत्या एनआयपीटीच्या भरवशावर कोणताही न परतणारा निर्णय घेऊ नये, हे मी भांडूनसुद्धा सांगते.

नमुना घेताना

सुईचा प्रश्न प्रत्येक सासू विचारते. "मॅडम, पानी काढलं तं लेकराले काई होनार नाई न जी?" खरं उत्तर द्यावं. अनुभवी हातात, सोनोग्राफीच्या नजरेखाली, गर्भजल काढल्यामुळे गर्भ पडण्याची शक्यता दोनशेत एक किंवा त्याहून कमी. शून्य नाही. काढतात ते १५ ते २० मिली, चार चमचे समजा, आणि बाळ ते काही काळात भरून काढतं.

पहिले एक-दोन मिली वेगळे काढून टाकायचे, कारण सुई आत जाताना आईच्या पेशी सोबत घेते. त्या नळीत गेल्या आणि वाढल्या तर आम्ही आईचीच गुणसूत्रं तपासून 'बाळ नॉर्मल' म्हणून मोकळे होऊ. उरलेलं पाणी दोन निर्जंतुक नळ्यांत. दोन यासाठी की एक फुटली, सांडली, त्यात जंतू गेले तर दुसरी असावी. रंग बघा आणि फॉर्मवर लिहा: गव्हाळ पिवळं चांगलं, लालसर म्हणजे रक्त मिसळलंय, तपकिरी म्हणजे आत जुना रक्तस्राव झालेला असू शकतो.

सोबत आईचं रक्त जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत द्या. ते का, असं विचारून बरेच जण ते पाठवतच नाहीत. आईच्या पेशी मिसळल्यात का, हे त्याच रक्ताशी ताडून बघतो. आणि झाकणाचे रंग एकदा कायमचे पाठ करा: डीएनएच्या तपासणीला जांभळं, आई-वडिलांच्या गुणसूत्रांसाठी हिरवं, कारण हिरव्यात हेपरिन असतं आणि पेशी जिवंत राहतात. जांभळ्या नळीतल्या रक्ताचं कल्चर लावायची वेळ आली की आमचा जीव वरखाली होतो.

आईचा रक्तगट निगेटिव्ह आणि वडिलांचा पॉझिटिव्ह असेल तर सुईनंतर अँटी-डीचं इंजेक्शन, म्हणजे बाळाचं रक्त मिसळलं तरी आईचं शरीर त्याच्याविरुद्ध उठत नाही. घरी जायची घाई असते, शेवटची बस असते, आणि हेच राहून जातं.

वारेचा नमुना ११ ते १४ आठवड्यांत घेतात. फायदा असा की उत्तर लवकर हाती येतं. पण शंभरात एक-दोन नमुन्यांत वारेतल्या आणि बाळातल्या गुणसूत्रांचं पटत नाही, मग शेवटी गर्भजल काढावं लागतंच. लॅबमध्ये वारेचे धागे आईच्या अस्तरापासून मायक्रोस्कोपखाली चिमट्याने एकेक सोडवावे लागतात. पांढरे, फांद्या फुटलेले, पाण्यात तरंगणाऱ्या शेवाळासारखे दिसतात ते.

प्रवास

आता कुल्फीवाल्याच्या बर्फाकडे येऊ. गर्भजलातल्या बहुतेक पेशी बाळाच्या त्वचेवरून, मूत्रमार्गातून, पिशवीच्या अस्तरातून झडलेल्या, निम्म्याहून जास्त मेलेल्याच असतात. ज्या थोड्या जिवंत असतात त्यांच्यावर आमचं कल्चर उभं राहतं. गोठल्यावर पेशीत बर्फाचे स्फटिक होतात आणि ती फाटते. उलट ४५ अंशांच्या उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवली तर उकडून मरते. तिला हवं असतं १५ ते २५ अंशांचं, आपल्या घरातल्या माठाजवळच्या कोपऱ्यासारखं वातावरण.

करायचं असं: थर्माकोलचा डबा घ्या. फ्रिजमध्ये थंड केलेला जेल पॅक वर्तमानपत्राच्या चार घड्यांत गुंडाळून तळाशी ठेवा, फ्रीजरमधला नको. त्यावर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर नळ्या उभ्या, मधे कापूस. नळीला पॅक चिकटता कामा नये. नळीवर नाव, तारीख, वेळ पेनाने नाही, न पुसणाऱ्या मार्करने लिहा. गडचिरोलीहून आलेल्या एका नमुन्यावरचं नाव घामाने पुसलं गेलं होतं आणि त्या दिवशी एकाच आडनावाच्या दोघी होत्या.

नमुना २४ तासांत पोचावा, फार तर ४८. म्हणून शुक्रवारी संध्याकाळी सुई लावू नका. शनिवारी कुरिअर, रविवारी सुट्टी, सोमवारी बैलपोळा! सोमवार ते बुधवार हे माझ्या मते सुईचे वार.

एनआयपीटीचं रक्त ज्या खास नळीत घेतात तीही फ्रिजमध्ये ठेवायची नसते. भरल्याबरोबर आठ-दहा वेळा हळूच उलटीपालटी करायची, झटकायची नाही.

लॅबच्या आत

नळी आली की आधी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतो. तळाशी पेशींचा जो गाळ बसतो तो मोहरीएवढा, कधी दिसतही नाही. वरचं पाणी बाजूला ठेवतो, गाळ पोषक द्रवात मिसळून दोन किंवा जास्त फ्लास्कमध्ये पसरतो. हे फ्लास्क दोन वेगवेगळ्या इन्क्युबेटरमध्ये जातात, ३७ अंश आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. दोन इन्क्युबेटरची वायर एकाच बोर्डात लावू नये, हा धडा आपल्याकडच्या लोडशेडिंगने शिकवलेला.

मग चार-पाच दिवस फ्लास्कला हातही लावायचा नाही. नव्या मुलांना हे फार जड जातं, रोज काढून बघतात. पेशी काचेला चिकटत असतात, हलवलं की सुटतात. पाचव्या-सहाव्या दिवशी पहिल्यांदा बघायचं. रिकाम्या शेतात एखाद्या ठिकाणी चार रोपं उगवावीत तशी लांबट पेशींची छोटी बेटं दिसू लागतात. द्रव बदलायचा, पुन्हा ठेवायचं. आठव्या ते बाराव्या दिवसाच्या दरम्यान बेटाच्या कडेला गोल, चमकदार पेशी दिसल्या की त्या दुभंगायच्या बेतात आहेत असं समजायचं. कापसाची बोंडं फुटलीत आणि पाऊस अजून आला नाही, असा हा काळ. लवकर वेचलं तर हाती काही लागत नाही, उशीर केला तर पेशी दाटून थांबतात.

इथून पुढचा क्रम असा:

१. कोलसेमिड घालायचं. पेशी दुभंगताना गुणसूत्रांना दोन बाजूंना ओढणारे धागे ते बनू देत नाही, त्यामुळे गुणसूत्रं मधोमध अडकून राहतात. अगदी हवी तिथे.

२. ट्रिप्सिनने पेशी काचेवरून सोडवायच्या आणि ०.०७५ मोलर पोटॅशियम क्लोराइडच्या कोमट द्रावणात सुमारे २० मिनिटं ठेवायच्या. पेशी पाणी पिऊन फुगतात, आतली गुणसूत्रं एकमेकांपासून सुटी होतात.

३. तीन भाग मिथेनॉल आणि एक भाग ॲसिटिक ॲसिड, ताजं आणि गार. हे थेंबाथेंबाने, नळी हलवत घालायचं. एकदम ओतलं की पेशींचे गोळे होतात आणि दहा दिवसांची मेहनत पाण्यात. दोन-तीनदा बदलायचं.

४. स्लाइडवर थेंब टाकायचा.

या चौथ्या पायरीवर थोडं थांबते, कारण पुस्तकात ही एका ओळीत असते. थेंब सुकताना पेशी चपटी होते आणि गुणसूत्रं पसरतात. ते किती पसरतील हे खोलीतल्या हवेवर ठरतं. मे महिन्यात कुरडया घालायला जी हवा बरी, ती स्लाइडला वाईट: थेंब क्षणात सुकतो, गुणसूत्रं एकमेकांवर चढून बसतात, मोजता येत नाहीत. ऑगस्टमध्ये उलटं, थेंब सुकतच नाही, पेशी फुटून गुणसूत्रं विखुरतात आणि एखादं हरवलं की ४५ च दिसतात. सुमारे २५ अंश आणि ५० टक्के आर्द्रता असेल तर स्लाइड छान जमते. उन्हाळ्यात आम्ही टेबलावर ओला टॉवेल अंथरतो, स्लाइडवर तोंडाची वाफ सोडतो, कूलरची दिशा फिरवतो. थेंब किती उंचीवरून टाकायचा हे माझ्या वहीत ऋतूप्रमाणे लिहिलेलं आहे. पुण्या-मुंबईची वही इथे चालत नाही.

५. स्लाइड रात्रभर ६० अंशांवर वाळवायची, मग ट्रिप्सिनमध्ये काही सेकंद आणि जिम्सा रंगात काही मिनिटं. गुणसूत्रांवर काळे-पांढरे पट्टे उमटतात. सेकंद जास्त झाले तर पट्टे फुगून पुसट होतात, कमी झाले तर गुणसूत्र नुसतं काळं दिसतं. म्हणून आधी एक स्लाइड बळी द्यायची आणि वेळ ठरवायची.

६. तेलाच्या भिंगाखाली साधारण २० पेशींतली गुणसूत्रं मोजायची, काहींचे पट्टे एकेक करून ताडायचे, आणि जोड्या लावून चित्र बनवायचं. २१ वं सगळ्यांत लहान, तांदळाच्या कणीसारखं, लांब बाजूवर एक ठसठशीत काळा पट्टा. तिसरं दिसलं की पोटात खड्डा पडतो. अजूनही.

माणसाची गुणसूत्रं ४६ हे १९५६ मध्ये त्यो आणि लेव्हान यांनी नक्की केलं, त्याआधी पुस्तकांत ४८ लिहीत. तीन वर्षांनी, १९५९ मध्ये, लेज्यून आणि सहकाऱ्यांनी डाऊनमध्ये २१ वं एक जास्त असतं हे दाखवलं.

काही पेशींत ४६ आणि काहींत ४७ आली तर त्या कोणत्या फ्लास्कमधल्या ते बघायचं. एकाच फ्लास्कमध्ये असेल तर तो बहुधा कल्चरमध्येच झालेला बिघाड, बाळाचा नाही. दोन्हीत असेल तर खरा मिश्र प्रकार. दोन फ्लास्क लावायचं खरं कारण हे.

झटपट तपासण्या

पंधरा दिवस वाट बघवत नाही, म्हणून दोन लवकरचे मार्ग आहेत. फिश (FISH) नावाच्या तपासणीत कल्चर न करता पेशी घेतात आणि १३, १८, २१, एक्स, वाय यांना चिकटणारे चमकते डीएनएचे तुकडे त्यावर सोडतात. २१ चे दोन ठिपके दिसायला हवेत, तीन दिसले तर जास्तीचं गुणसूत्र. पन्नासहून जास्त पेशी मोजून मगच बोलायचं.

क्यूएफ-पीसीआरमध्ये पेशी जिवंत असायची गरजच नाही. डीएनए काढायचा, याच गुणसूत्रांवरच्या, माणसागणिक लांबी बदलणाऱ्या जागांच्या भरपूर प्रती काढायच्या आणि त्या यंत्रातून लांबीप्रमाणे वेगळ्या करायच्या. दोन सारख्या उंचीची शिखरं आली तर दोन प्रती. तीन सारखी, किंवा एक दुसऱ्याच्या दुप्पट आलं तर तीन प्रती. एकाच जागेवर भरवसा ठेवत नाहीत, प्रत्येक गुणसूत्रावरच्या अनेक जागा बघतात. कुल्फीच्या बर्फातल्या नमुन्याचं उत्तर यानेच आलं. दोन्ही तपासण्या एक-दोन दिवसांत होतात, पण ज्या गुणसूत्रांबद्दल विचारलं तेवढंच सांगतात. दहाव्याचा तुकडा चौथ्याला जोडलेला असेल तर त्यांना पत्ताही लागत नाही.

माझं मत विचाराल तर मार्कर किंवा वयामुळे नमुना घेतला असेल तिथे क्यूएफ-पीसीआर आणि सोबत कल्चर, हा आपल्या भागातल्या खिशाला आणि वेळेला परवडणारा मेळ. सोनोग्राफीत हृदयात, मेंदूत, हातापायांत दोष दिसला असेल तर पैसे जमवून मायक्रोॲरे करा, म्हणजे सगळ्या गुणसूत्रांत कमी-जास्त झालेले बारीक तुकडे शोधणारी डीएनएची तपासणी.

कारण सांगते. मायक्रोस्कोपखाली डीएनएच्या ५ ते १० दशलक्ष अक्षरांहून लहान तुकडा गायब असेल तर माझ्या डोळ्याला तो कळत नाही, कितीही वर्षांचा सराव असो. मायक्रोॲरेला ५० हजार ते १ लाख अक्षरांचा तुकडाही कळतो. २२ व्या गुणसूत्रावरचा सुमारे ३० लाख अक्षरांचा एक तुकडा नसला की हृदयाचे गंभीर दोष होतात, आणि साध्या कल्चरमध्ये ते बाळ नॉर्मल वाटतं. सोनोग्राफीत दोष आणि गुणसूत्रं नॉर्मल, अशा बाळांपैकी आणखी सुमारे ६ टक्क्यांत मायक्रोॲरेने काहीतरी सापडतं. पण दोन गुणसूत्रांनी तुकड्यांची समसमान अदलाबदल केली असेल तर मायक्रोॲरेला ती दिसत नाही, कारण कमी-जास्त काहीच झालेलं नसतं. ती मायक्रोस्कोपच दाखवतो. आणि कधी कधी रिपोर्टात 'अर्थ अनिश्चित' असा बदल येतो. तेव्हा घाबरायचं नाही, आई-वडिलांचं रक्त पाठवायचं. तोच बदल धडधाकट बापात असला तर बहुतेक वेळा काळजी मिटते.

आई-वडिलांचं रक्त कधी

डाऊनची सुमारे ९५ टक्के बाळं सुटं तिसरं २१ घेऊन येतात. तिथे पालकांची तपासणी लागत नाही. पण तीन-चार टक्क्यांत ते २१ दुसऱ्या गुणसूत्राला, बहुधा १४ व्याला, चिकटलेलं असतं आणि आई किंवा वडील स्वतः निरोगी वाहक असू शकतात. आई वाहक असेल तर पुढच्या प्रत्येक खेपेला १० ते १५ टक्के धोका, वडील असतील तर फारच कमी. आणि दोन्ही २१ च एकमेकांना चिकटलेली असतील तर जन्मणारं प्रत्येक मूल डाऊनचं. म्हणून आधीचं मूल डाऊनचं असेल तर त्याचा नुसता 'डाऊन' असा शेरा पुरत नाही, त्याच्या गुणसूत्रांचा कागद शोधून आणा.

वारंवार पोट पडणाऱ्या जोडप्यांचंही तसंच. पहिल्या तीन महिन्यांत पडणाऱ्या गर्भांपैकी जवळपास निम्म्यांत गुणसूत्रांचा दोष असतो. पडलेला भाग तपासायचा असेल तर तो निर्जंतुक सलाइनमध्ये पाठवा. फॉर्मलिनमध्ये नको. फॉर्मलिनमध्ये भिजलेला नमुना आमच्या टेबलावर दर महिन्याला येतो आणि त्याचं कल्चर कधीच उगवत नाही.

सिकलचं काय?

नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात सिकलसेलचा, म्हणजे रक्ताच्या एका आनुवंशिक आजाराचा, हा प्रश्न प्रत्येक दुसऱ्या घरात येतो. "गुणसूत्रं बरोबर आली, म्हंजे सिकल नाही न?" नाही, तसं नाही. सिकलचा बदल ११ व्या गुणसूत्रावरच्या एका जनुकातल्या एका अक्षराचा. पोथी पूर्ण आहे, पानं सगळी आहेत, एका ओळीत एक अक्षर चुकलंय. आम्ही पानं मोजतो. फिश, क्यूएफ-पीसीआर, एनआयपीटी, नेहमीचा मायक्रोॲरे यांपैकी कोणीही ते अक्षर वाचत नाही.

त्यासाठी गरोदरपणाच्या सुरुवातीलाच आईच्या रक्ताची एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या तपासण्या) करा. ती वाहक निघाली तर लगेच नवऱ्याची. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळाला चारात एक धोका, आणि मग वारेच्या किंवा गर्भजलाच्या डीएनएमधून नेमकं तेच अक्षर तपासता येतं. फॉर्मवर 'सिकलसाठी' असं स्पष्ट लिहायचं. दोन्ही तपासण्या हव्या असतील तर एकाच सुईत जमतं, पण आधी सांगितलं तरच. उरलेलं पाणी आम्ही कायम सांभाळून ठेवत नाही.

कागद आणि कायदा

गर्भलिंग निदानाला बंदी घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्येच केला, देशाचा १९९४ चा. गर्भजल असो, वार असो की एनआयपीटीसाठी आईचं रक्त, सगळं त्यात येतं. तपासणी नोंदणीकृत केंद्रातच, कारण लिहून. सुईआधी बाईची लेखी संमती तिला कळणाऱ्या भाषेत घ्यायची आणि एक प्रत तिच्याच हातात द्यायची. नवऱ्याच्या किंवा सासूच्या नाही.

एक्स आणि वाय मला दिसतातच, रोज दिसतात. रिपोर्टात ते लिहीत नाही, फोनवर सांगत नाही, चहाच्या टपरीवर ओळखीच्या माणसालाही नाही. "सहज विचारलं जी" म्हणणारे सहज विचारत नसतात. पहिल्या गुन्ह्यालाच तीन वर्षांपर्यंत तुरुंग आहे.

दोष निघाला तर पुढे काय करायचं हे जोडप्याने ठरवायचं, आणि त्याआधी त्यांना जेनेटिक समुपदेशकाकडे पाठवायचं. डाऊनच्या बाळांपैकी जवळपास निम्म्यांच्या हृदयात दोष असतो, पण चालणारी, बोलणारी, शाळेत जाणारी डाऊनची मुलं मी पाहिलीत, हेही त्यांना कळायला हवं. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ मध्ये बदल झाला: २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, २० ते २४ मध्ये ठरावीक कारणांसाठी दोघांचं, आणि २४ नंतर गर्भात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाकडे अर्ज.

शेवटची गोष्ट फॉर्मच्या खालच्या रांगेतली. तिथे फोन नंबर लिहितात तो नवऱ्याचा. नवरा दिवसभर वावरात, मोबाइल घरी किंवा रेंजच्या बाहेर. रिपोर्ट तयार असतो आणि आम्ही तीन दिवस नंबर फिरवत बसतो, इकडे आठवडा पुढे सरकतो. त्या रांगेत नवऱ्याच्या नंबरखाली गावच्या आशाताईंचाही नंबर लिहा. त्यांनी फोनवर फक्त "लॅबचा फोन आला होता, लावा म्हणाले" एवढाच निरोप द्यायचा. पुढचं आम्ही बाईशीच बोलतो.